शेतावरचे आकाश कोणाचे?

संक्रांतीच्या सुमारास वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा : पतंग हे विमान आहे का? मुले हसतील. पतंगाला इंजिन नाही, चालक नाही, मग ते विमान कसे, असे एखादा विद्यार्थी म्हणेल. त्याचे उत्तर तर्काला धरून आहे, पण कायद्याला धरून नाही. १९३४ सालच्या भारतीय विमान कायद्याने विमानाची जी व्याख्या केली, ती अशी की हवेच्या प्रतिक्रियेमुळे वातावरणात आधार मिळवू शकणारे कोणतेही यंत्र म्हणजे विमान. पुढे उदाहरणे देताना फुगे, हवाई जहाजे आणि ग्लायडर यांच्याच रांगेत पतंगही बसवलेला आहे. इंजिन हवे किंवा आत माणूस बसलेला हवा, अशी अट त्या व्याख्येत नाही.

ही केवळ गमतीची गोष्ट नाही. आज रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात आणि धुळे जिल्ह्यातील कापसाच्या शेतांवर चार-सहा पंख्यांचे ड्रोन फवारणी करताना दिसू लागले आहेत. जळगावात लग्नाच्या वरातीवर ड्रोन घिरट्या घालतो. त्याला शेतकरी 'मशीन' म्हणतो, छायाचित्रकार 'कॅमेरा' म्हणतो. कायदा मात्र त्याला विमान म्हणतो. आणि विमान म्हटले की लगेच पुढचा प्रश्न येतो : ते कोणाच्या आकाशात उडते आहे? त्यासाठी परवानगी कोणाची? शेतमालकाची, ग्रामपंचायतीची, पोलिसांची की दिल्लीची?

या प्रश्नाचे आजचे उत्तर तीन रंगांच्या एका नकाशात आहे. पण तो नकाशा पाठ करून फारसे हाती लागत नाही. आकाशाची वाटणी कशी होत गेली, हे पाहिले म्हणजे त्या रंगांचा अर्थ उलगडतो.

सातबाऱ्यावर नसलेला रकाना

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर गट क्रमांक असतो, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, पीक असते, विहीर असते. उंचीचा रकाना नसतो. जमीन लांबी-रुंदीने मोजली जाते. तिच्या डोक्यावर किती मीटरपर्यंत मालकी आहे, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. शेकडो वर्षे त्याची गरजही पडली नाही. शेजाऱ्याच्या आंब्याची फांदी बांधावरून आत आली, तर भांडण फांदीच्या उंचीपुरते असे.

युरोपातील मध्ययुगीन कायदेपंडितांनी मात्र एक सूत्र करून ठेवले होते. ज्याची जमीन, त्याचेच वर आकाशापर्यंत आणि खाली पाताळापर्यंत सारे, असा त्याचा आशय. तेराव्या शतकापासून हे सूत्र चालत आले. ते निर्धास्तपणे मान्य करता आले, कारण आकाशात जाणारे कोणी नव्हते.

ही निश्चिंती १७८३ मध्ये संपली. त्या वर्षी फ्रान्समध्ये मोंगोल्फिए बंधूंचा गरम हवेचा फुगा आणि शार्ल या शास्त्रज्ञाचा हायड्रोजनचा फुगा, असे दोन्ही आकाशात गेले. शार्लचा फुगा २७ ऑगस्टला पॅरिसहून सुटला आणि गोनेस नावाच्या खेड्याजवळ उतरला. शेतात आकाशातून उतरलेली ही हलती-डुलती वस्तू पाहून गावकरी घाबरले आणि त्यांनी काट्या-कुऱ्हाडींनी ती फाडून टाकली. अज्ञान म्हणून आपण याला हसतो. पण न विचारता, न सांगता आपल्या शेतात वरून काही येऊन पडले, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १७८४ मध्ये, पॅरिसच्या पोलीसप्रमुखाने हुकूम काढला की पूर्वपरवानगीशिवाय फुगे उडवू नयेत. कारण साधे होते. फुग्याखाली शेगडी पेटलेली असे आणि तो छपरांवर पडला तर आग लागे. आकाशातील पहिला परवाना हा असा जमिनीवरच्या माणसाच्या रक्षणासाठी निघाला.

आकाश देशाचे झाले

पहिल्या महायुद्धात विमानांतून बॉम्ब पडले आणि प्रश्नाचे रूप पालटले. १९१९ च्या पॅरिस कराराने प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता आहे, हे तत्त्व मान्य केले. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या करारानेही ते कायम ठेवले. आजची सारी नागरी विमानवाहतूक याच करारावर उभी आहे.

शिकागो करारातील आठवे कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. वैमानिकाशिवाय उडू शकणारे विमान दुसऱ्या देशावरून न्यायचे असेल तर त्या देशाची खास परवानगी हवी, असे ते म्हणते. १९४४ साली हे कोणाला सुचले असेल? त्याच वर्षीच्या जून महिन्यापासून जर्मनीची वैमानिक नसलेली उडती बॉम्बयाने लंडनवर कोसळत होती, हे लक्षात घेतले म्हणजे नवल वाटत नाही. चालक नसलेल्या विमानाकडे संशयाने पाहण्याची सवय तेव्हापासूनची आहे.

आकाश देशाचे झाले, तर मग शेतमालकाचे काय उरले? याचे एक उत्तर १९४६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मिळाले. नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॉस्बी नावाचे शेतकरी दाम्पत्य कोंबड्या पाळत असे. जवळच्या विमानतळावर उतरणारी लष्करी विमाने त्यांच्या जागेवरून अवघ्या ८३ फुटांवरून, म्हणजे सुमारे २५ मीटर उंचीवरून जात. आवाजाने बिथरून कोंबड्या भिंतींवर आपटत. अशा सुमारे दीडशे कोंबड्या मेल्या आणि धंदा बंद पडला. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. आकाशापर्यंत मालकी हे जुने सूत्र विमानाच्या युगात चालणार नाही. तसे मानले तर प्रत्येक विमानाला वाटेतल्या प्रत्येक शेतमालकाला विचारावे लागेल. पण जमिनीचा उपभोग घेण्यासाठी तिच्या लगतचे जेवढे आकाश लागते, तेवढ्यावर मालकाचा हक्क आहे, आणि तो हिरावला तर भरपाई द्यावी लागेल.

आपल्याकडे १९३४ च्या कायद्यातच याच्याशी जुळणारी तरतूद होती. वारा, हवामान आणि परिस्थिती पाहता वाजवी ठरेल अशा उंचीवरून विमान गेले, तर केवळ ते वरून गेले एवढ्या कारणासाठी जागेत घुसल्याचा किंवा उपद्रवाचा दावा लावता येत नाही, असे त्याचे सतरावे कलम सांगे. यातील 'वाजवी उंची' हे शब्द महत्त्वाचे. किती मीटर, ते कायद्याने लिहिले नाही. प्रवासी विमान दहा किलोमीटरवरून जाते, तेव्हा प्रश्नच येत नाही. कपाशीच्या शेंड्यापासून दोन-तीन मीटरवर तरंगणारा ड्रोन आला, आणि नव्वद वर्षांपूर्वीचे ते दोन शब्द पुन्हा विचारात घ्यावे लागले.

आकाशाचे थर

मालकीचा प्रश्न असा सुटला, तरी वाहतुकीचा प्रश्न वेगळाच होता. त्याची उत्तरे अपघातांनी शिकवली.

७ एप्रिल १९२२ रोजी फ्रान्समध्ये दोन विमाने समोरासमोर धडकली. एक लंडनहून पॅरिसकडे निघाले होते, दुसरे पॅरिसहून लंडनकडे. धुके होते. त्या काळी वैमानिक खालचा रस्ता किंवा रेल्वेमार्ग पाहत वाट काढीत, आणि दोघेही एकाच वाटेच्या नेमके वर होते. सात माणसे गेली. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर दोन मोठी प्रवासी विमाने सुमारे २१,००० फुटांवर धडकली आणि १२८ जण मरण पावले. तेथील आकाशात नियंत्रकाने दोघांना वेगळे ठेवण्याची व्यवस्था नव्हती. एकमेकांना पाहून टाळण्याची जबाबदारी वैमानिकांवर होती. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर एक सौदी आणि एक कझाक विमान धडकून ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर टक्कर टाळणारे यंत्र विमानांत बसवण्याची सक्ती भारतात झाली.

या अनुभवांतून एक व्यवस्था उभी राहिली. १९९० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आकाशाचे सात वर्ग ठरवले. त्यांना इंग्रजी मुळाक्षरांची ए ते जी अशी नावे आहेत. ही अक्षरे विद्यार्थ्यांना घोकायला लावू नयेत. त्यांमागचा एकच विचार सांगावा. विमान दोन तऱ्हांनी उडते. एक, यंत्रांच्या आधारे, म्हणजे ढगातूनही. दुसरी, डोळ्यांच्या आधारे, म्हणजे बाहेर स्वच्छ दिसत असतानाच. या दोन प्रकारच्या विमानांना एकमेकांपासून दूर ठेवण्याची जबाबदारी नियंत्रकाने किती घ्यायची आणि वैमानिकाने किती, यावरून वर्ग ठरतो.

ए वर्गात फक्त यंत्रांच्या आधारे उडणारी विमाने येऊ शकतात आणि सर्वांना नियंत्रकच वेगळे ठेवतो. बी, सी, डी असे पुढे जावे तसतशी नियंत्रकाची जबाबदारी कमी होते. डी वर्गात शिरायला सर्वांनाच परवानगी लागते, पण डोळ्यांनी उडणाऱ्याला इतर विमानांची फक्त माहिती मिळते; अंतर त्याचे त्याने राखायचे. ई वर्गात डोळ्यांनी उडणाऱ्याला परवानगीही लागत नाही. एफ वर्गात यंत्रांनी उडणाऱ्याला हुकूम नव्हे, सल्ला मिळतो. जी वर्गात विचारले तर माहिती मिळते, एवढेच.

या सात वर्गांपैकी प्रत्येक देश आपल्याला हवे ते निवडतो. भारताच्या वैमानिक माहितीपुस्तिकेने डी, ई, एफ आणि जी या वर्गांची मांडणी स्वीकारली. विमानतळाभोवतीचे आकाश डी वर्गात, विमानतळांना जोडणाऱ्या हवाई मार्गांपैकी नियंत्रण असलेले ई वर्गात, सल्ला मिळणारे एफ वर्गात, आणि उरलेले सारे जी वर्गात. खानदेशचे आकाश मुंबईच्या माहितीक्षेत्रात मोडते. तापीकाठच्या शेतावर जे मोकळे आकाश दिसते, ते असे कागदावर थराथरांनी विभागलेले आहे.

खानदेशच्या धावपट्ट्या

हे सारे आपल्यापासून फार दूरचे आहे, असे वाटण्याचा काळ खानदेशात कधीच संपला. जळगावची धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याने १९७३ मध्ये बांधली. धुळ्याजवळ गोंदूरची धावपट्टीही त्याच दशकातील. बराच काळ त्यांच्यावर एखाद्या मंत्र्याचे विमान उतरे, तेवढेच. पुढे जळगावची धावपट्टी नगरपालिकेकडे, नंतर महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे गेली आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाशी करार होऊन तिचा विस्तार झाला. याच जिल्ह्याच्या कन्या असलेल्या तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते मार्च २०१२ मध्ये नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. डिसेंबर २०१७ मध्ये 'उडान' योजनेखाली मुंबईची सेवा सुरू झाली. ती खंडित झाली, पुन्हा सुरू झाली, असे चालत आले.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने प्रवासी विमानांपेक्षा शिकाऊ विमाने अधिक महत्त्वाची. गोंदूर आणि शिरपूर येथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालत आले आहे. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने देशातील ज्या पाच विमानतळांवर नव्या प्रशिक्षण संस्थांना जागा दिली, त्यांत जळगाव आहे. शिकाऊ विमान लहान असते, हळू असते आणि तासन् तास विमानतळाभोवतीच घिरट्या घालते. साधारण तीनशे मीटर उंचीवरून फेरी मारायची, उतरायचे, पुन्हा उडायचे. इंजिन बंद पडल्याचे समजून एखाद्या शेतावर खाली येण्याचा सरावही त्यात असतो. थोडक्यात, मोठी विमाने ज्या खालच्या आकाशातून काही मिनिटांत निघून जातात, तेथेच शिकाऊ विमानाचा दिवस जातो.

१६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यातील वर्डी गावाजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, एक शिकाऊ विमान कोसळले. प्रशिक्षक जागीच गेले, शिकाऊ वैमानिक जखमी झाली. वाट नसलेल्या त्या डोंगराळ भागात परिसरातील आदिवासी मदतीला धावले. तेथील एका स्त्रीने अंगावरची साडी सोडून दिली आणि तिची झोळी करून जखमी मुलीला खाली आणण्यात आले. या अपघाताशी ड्रोनचा काही संबंध नव्हता. पण शेतावरच्या खालच्या आकाशातून माणसे जातात, आणि तेथे काही बिघडले तर परिणाम त्यांना आणि खालच्या गावाला, दोघांनाही भोगावे लागतात, हे त्या दिवशी चोपडा तालुक्याने पाहिले.

बंदीपासून नकाशापर्यंत

मे २०१४ मध्ये मुंबईतील एका पिझ्झा विक्रेत्याने उंच इमारतीच्या गच्चीवर ड्रोनने पिझ्झा पोहोचवल्याची बातमी झळकली. लोकांना कौतुक वाटले, पोलिसांना काळजी. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सूचना काढली की नियम तयार होईपर्यंत खाजगी व्यक्तींनी वा संस्थांनी ड्रोन उडवू नयेत. नियम यायला चार वर्षे लागली. १ डिसेंबर २०१८ पासून ते लागू झाले. प्रत्येक उड्डाणासाठी संगणकावरून परवानगी घ्यायची आणि परवानगी नसेल तर ड्रोनने जागचे हलूच नये, अशी त्यांमागची कल्पना होती. मार्च २०२१ मध्ये त्यांच्या जागी दुसरे नियम आले. त्यांत पंचवीस प्रकारचे अर्ज आणि बहात्तर प्रकारची शुल्के होती. पाच महिन्यांतच, २५ ऑगस्ट २०२१ रोजी, 'ड्रोन नियम २०२१' प्रसिद्ध झाले. अर्ज पाचांवर आले आणि शुल्काचे प्रकार चारांवर. २४ सप्टेंबरला देशाचा तीन रंगांचा नकाशा संगणकावर खुला झाला.

त्या नकाशाची रीत अशी. हिरव्या भागात जमिनीपासून १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत, उड्डाणासाठी परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच पिवळा असतो. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंत हिरवा आणि त्याच्या वर पिवळा. हिरव्या भागातही १२० मीटरच्या वर गेले की पिवळाच. आकाशाला रंग जमिनीवरच्या जागेने मिळतो आणि उंचीनेही, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावी.

परवानगी लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही, असे मात्र नाही. ड्रोनचे वजनावरून पाच प्रकार आहेत : २५० ग्रॅमपर्यंत, २ किलोपर्यंत, २५ किलोपर्यंत, १५० किलोपर्यंत आणि त्यापुढचे. २५० ग्रॅमपर्यंतचा कोणीही, आणि २ किलोपर्यंतचा हौसेखातर, प्रमाणपत्राशिवाय उडवू शकतो. त्यावर पैसे कमवायचे असतील, तर लग्नाचे चित्रण करणाऱ्यालाही दूरवैमानिकाचे प्रमाणपत्र हवे. त्यासाठी वय १८ ते ६५, शिक्षण किमान दहावी उत्तीर्ण आणि मान्य संस्थेतील प्रशिक्षण एवढी पात्रता आहे. प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. शिवाय ड्रोनची नोंदणी आणि त्रयस्थाला नुकसान झाल्यास विमा. फवारणीसाठी केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये वेगळी कार्यपद्धती घालून दिली, कारण तेथे हवेबरोबर विषाचाही प्रश्न आहे. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेने पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट ठेवले. दहावी झालेली गावातली मुलगी वैमानिक होऊ शकते, हे वाक्य आता भाषणातले राहिलेले नाही.

कंपास घेऊन पाहू

येथून पुढचे काम वर्गात करण्यासारखे आहे. मार्च २०२१ च्या नियमांपर्यंत विमानतळाभोवतीचा पिवळा भाग ४५ किलोमीटरपर्यंत होता. ऑगस्टमध्ये तो १२ किलोमीटरवर आला. फरक किती? जळगाव विमानतळ एक बिंदू मानून विद्यार्थ्यांना दोन्ही वर्तुळांचे क्षेत्रफळ काढू द्यावे. ४५ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ सुमारे ६,३६० चौरस किलोमीटरचे, १२ किलोमीटरचे सुमारे ४५० चौरस किलोमीटरचे. जळगाव जिल्ह्याचे क्षेत्रफळ ११,७६५ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे पूर्वी जिल्ह्याच्या निम्म्याहून अधिक भरेल एवढ्या जागेला नियंत्रकाची परवानगी लागे; आता चार टक्क्यांहून कमी जागेला. त्रिज्या पावणेचारपट कमी झाली आणि क्षेत्रफळ चौदापट. वर्गाचे सूत्र व्यवहारात काय करते, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. यावलच्या केळीबागेवरचे आकाश या एका आकड्याने पिवळ्याचे हिरवे झाले. प्रत्यक्षात अंतर कुंपणापासून मोजतात, म्हणून खरा आकार थोडा मोठा आणि लांबट असतो, हेही सांगावे.

१ : ५०,००० प्रमाणाचा सर्वेक्षण नकाशा मिळाला, तर विमानतळ मध्यभागी धरून १०, १६ आणि २४ सेंटिमीटरची वर्तुळे काढावी. ती ५, ८ आणि १२ किलोमीटरची होतात. विमानतळ शहरापासून जेमतेम सहा किलोमीटरवर असल्यामुळे जळगावातील मंगल कार्यालये कोणत्या पट्ट्यात येतात, ते मुले स्वतःच शोधतील.

आता उंची. १२० मीटरच का? प्रवाशांची वा शिकाऊ विमाने डोळ्यांच्या आधारे उडत असताना, चढण्या-उतरण्याचा काळ सोडला, तर मोकळ्या रानावर १५० मीटरच्या खाली येऊ नयेत, असा आंतरराष्ट्रीय नियम ड्रोनच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. वरच्यांची तळरेषा १५० मीटर, खालच्यांचे छत १२० मीटर. मध्ये तीस मीटरचा बांध. शेताच्या बांधासारखाच तो कोणाचाच नाही.

पण विमान उतरताना १५० मीटरच्या खाली येणारच. ते किती अंतरावर येते? उतरणारे विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून येते. तीन अंशांची स्पर्शज्या ०.०५२४. म्हणजे धावपट्टीपासून ८ किलोमीटरवर विमान सुमारे ४२० मीटर उंच असते, ५ किलोमीटरवर २६० मीटर, आणि १२० मीटरच्या खाली ते शेवटच्या सव्वादोन-अडीच किलोमीटरमध्ये येते. मग पट्टा पाच आणि आठ किलोमीटरपर्यंत का वाढवला? हा प्रश्न मुलांवर सोडावा. उंचीमापकातील चूक, वाऱ्याने वाहत जाणारा ड्रोन, इंजिन बंद पडलेले विमान, वळणावर खाली आलेला शिकाऊ वैमानिक, अशी कारणे ती स्वतः काढतील. नियमातील मोकळी जागा ही चुकांसाठी राखून ठेवलेली असते, हे त्यांना उमजले तर तास सार्थकी लागला.

नकाशाने न सुटलेले

ए ते जी हे वर्ग ज्यांनी केले, त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. विमानात डोळे उघडे ठेवून बसलेला माणूस आहे, आणि तो समोरचे विमान पाहून वळू शकतो. ड्रोनमध्ये तो माणूस नाही. तो खाली बांधावर उभा आहे. म्हणून जुने वर्ग ड्रोनला पुरले नाहीत आणि जमिनीवरून मोजलेला रंगांचा नकाशा करावा लागला. म्हणूनच नियमांत एक वाक्य असे आहे की माणूस असलेल्या विमानाचा वाटेवरचा हक्क पहिला. ड्रोनने त्याच्यापासून दूर राहावे. नकाशा हिरवा असला तरी हे वाक्य लागू राहते. विमानाचा आवाज आला की ड्रोन खाली घ्यायचा. शिरपूर-चोपड्याच्या बाजूला तर हे कधीच विसरून चालणार नाही.

नकाशा वाहतुकीचा प्रश्न सोडवतो. गोनेसच्या गावकऱ्यांचा आणि कॉस्बींचा प्रश्न तो सोडवत नाही. हिरव्या आकाशात, रीतसर प्रमाणपत्र असलेल्या वैमानिकाने फवारलेले औषध वाऱ्याने शेजारच्या मेथीवर गेले, तर? कॅमेरा अंगणावरून गेला, तर? त्या परवानग्या रंगांत नाहीत. त्या बांधावर जाऊन शेजाऱ्याला सांगूनच मिळवाव्या लागतात.

नियम बदलत राहतील. १९३४ च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने १ जानेवारी २०२५ पासून घेतली. ड्रोनसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदाही त्याच वर्षी सरकारने चर्चेसाठी मांडला. विमानतळ सुरू होतात, बंद पडतात; सभा-दौऱ्यांसाठी एखादा भाग काही काळापुरता लाल होतो. म्हणून कालचा नकाशा आज चालत नाही. उड्डाणापूर्वी त्या दिवशीचाच पाहावा लागतो. दहावीनंतर या व्यवसायात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला एवढे तरी सांगून ठेवावे. बाकीचे त्याला प्रशिक्षणात शिकवतीलच.

आणि पुढच्या संक्रांतीला पतंगाचा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. उत्तर लगेच सांगू नये. मुलांना आधी भांडू द्यावे.